मदत हवी आहे: आईसाठी खाडीत घालायचे बूट (चिखलात अडकणार नाहीत, कालवांनी फाटणार नाहीत असे)

वाघोटणची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आई देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठी राहते. वय ६४, चौदा वर्षांपासून मधुमेह. ओहोटीला खाडीत उतरून कालवं, मुळे, तिसऱ्या (सगळे शिंपलेच) काढायच्या, थोडं घरात ठेवायचं आणि बाकीचे वाटे लावून विकायचे, हे तिचं लहानपणापासूनचं. आणि सगळं अनवाणी.

गेल्या महिन्यात मी गावी होते. ती खाडीवरून आली, पडवीत टोपली टेकवली आणि आत चहा टाकायला गेली. मागून मी गेले तर लादीवर तांबडे ठसे. फक्त डाव्या पावलाचे, पडवीपासून गॅसच्या ओट्यापर्यंत नऊ. मी ओरडले तर म्हणते, "चिखल आसतलो गो." करंगळीच्या खाली कालवाच्या धारेने बोटाच्या पेराएवढं कापलं होतं. वाहत होतं. तिला पत्ताच नाही.

डॉक्टरांनी तळव्याची संवेदना तपासली, बरीचशी गेली आहे म्हणाले. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही आणि खाडी बंद. पहिलं तिने ऐकलं, घरात चप्पल घालते. दुसरं आठ दिवस टिकलं. जखम भरली तशी स्वारी परत खाडीत. तेव्हा म्हटलं, जाणारच आहे तर निदान पायात काहीतरी घालून जाऊ दे.

आतापर्यंत हे करून झालं:

मामाचे भातलावणीचे गमबूट. वीस पावलांत एक बूट चिखलाने धरून ठेवला, पाय तेवढा वर आला आणि आई मटकन खाली बसली. घरी येऊन मलाच सुनावलं, "तुझो बूट चिखलात ऱ्हवलो, पाय माझो माझ्यावांगडा इलो."

मग ऑनलाइन ६५० रुपयांचे ॲक्वा शूज. ताणलं जाणारं कापड, खाली पातळ रबर, पाणी जायला तळाला भोकं. चिखलात छान चालली. खडपावर (खडकाळ भागात) तिसऱ्या दिवशी शिंपीचं टोक तळातून आत आलं. शिवाय त्या भोकांतून रेती आत जाते ती वेगळीच.

पावसाळी प्लास्टिकच्या सॅंडलबद्दल न बोललेलंच बरं. पट्ट्याने घोट्याला घासलं, तेही तिला कळलं नाही.

जागा कशी आहे ते सांगते. काठाला तिवरं आहेत, त्यांची वर आलेली टोकदार मुळं. मग चाळीस-पन्नास पावलं चिखल, कुठे घोट्याएवढा, कुठे अर्ध्या नडगीपर्यंत. त्यापुढे खडप, त्यावर कालवं आणि शेवाळ. पाणी जास्तीत जास्त गुडघ्याएवढं. दोन-अडीच तास. पाऊल रुंद आहे, ६ नंबर, संध्याकाळी सूज येते. तीन-चार हजारांपर्यंत जाऊ शकते.

तिची खरी तक्रार मात्र निराळी आहे. "माका पायाक कळता खय चिखल घट आसा नि खय बुडूचो. बुटात पाय घातल्यार कसा कळतला?" यावर मी गप्प बसले. कापलेलं ज्या पायाला कळत नाही त्याला चिखल तरी कळतो का, हे आईला विचारायचं धाडस झालं नाही.

---

स्विमिंगवाला_सॅम

फिन्स घ्या की. पायाला पूर्ण कव्हर आणि पाण्यात वेग दुप्पट. माझ्याकडे आखूड पात्याचे आहेत, मस्त.

---

वाघोटणची_लेक

अहो, तिला कालवं काढायची आहेत, बदक व्हायचं नाहीये. :) पण प्रतिसादाबद्दल आभार.

---

पाणबुड्या

फिन्स पोहायला. ते घालून जमिनीवर चालायचं झालं तर आम्हीसुद्धा उलटं चालतो, नाहीतर तोंडावर. ते सोडा.

ताई, तुम्ही घेतले ते खरं तर पाण्यातले मोजेच. हॉटेलच्या तलावाकाठी ठीक. तुम्हाला हवेत ते स्कूबा डायव्हिंगवाले फिन्सच्या आत घालतात ते निओप्रीनचे बूट. घोट्याच्या वरपर्यंत येतात, बाजूला चेन असते. मालवण-तारकर्लीला बोटीवरच्या पोरांच्या पायात बघितले असतील.

घेताना एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानदारही चुकीचं सांगतात. बुटावर ३ मिमी, ५ मिमी लिहिलेलं असतं ते वरच्या निओप्रीनची जाडी. थंडीसाठी असते ती. आपल्या खाडीचं पाणी थंड नाही, त्यामुळे त्या आकड्यावर भाळू नका. तळ किती जाड आहे ते कुणी लिहीत नाही, ते हातानेच बघायचं. बूट घ्या, टाच आणि चवडा धरून वाकवा. पोळीसारखा दुमडला तर परत ठेवा. चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्ये नाही. अंगठ्याने तळ आतून दाबा, बाहेरच्या रबराच्या नक्षीचे खड्डे हाताला लागले तर तो कालवापुढे टिकणार नाही.

आणि निओप्रीन म्हणजे काय, तर बारीक बुडबुडे भरलेलं रबर. मऊ, उबदार, पण कालवाच्या धारेपुढे पाव. म्हणून ज्या बुटाचं तळाचं कडक रबर पुढून बोटांवर आणि मागून टाचेवर चढलेलं आहे तोच घ्या. काकूंना कापलं ते करंगळीच्या खाली, म्हणजे बाजूने. तिथे रबराचा काठ हवाच.

याला पाणी जायला भोकं नसतात. आत थोडं पाणी शिरतं आणि राहतं, राहू दे. भोकं नसली की रेतीही नाही.

---

ठाणेकर_काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. डॉक्टरांनी बंद सांगितलंय तर बंद. कालवं बाजारात मिळतात.

---

वाघोटणची_लेक

काका, राग नाही. पण बाजारात ती मिळतात कारण आईसारख्या कुणीतरी काढलेली असतात. तिच्या हातात येणारे स्वतःचे पैसे तेवढेच. मी महिन्याला पाठवते त्याला ती "तुझे पैशे" म्हणते.

---

सुप्रभात_ओपीडी

मीही डॉक्टर म्हणून आधी 'जाऊ नका' हेच म्हणेन. ते म्हणून झालं. आता त्या जाणारच आहेत असं धरून लिहितो.

तुमच्या डॉक्टरांनी बहुधा नायलॉनच्या जाड धाग्याने तपासलं असेल. तो धागा १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तेवढा दाबही तळव्याला कळत नसेल तर पायाचं राखणीचं काम संपलं, ते आता डोळ्यांनी आणि हातांनी करायचं. बूट हा त्यातला एक भाग झाला, सगळा बंदोबस्त नव्हे. उलट बुटामुळे जखम झाकली जाते आणि घरी येईपर्यंत दिसत नाही, हा त्याचा तोटा. तुमच्याकडे लादीवर ठसे तरी उमटले.

म्हणून आत पांढरे सुती मोजे घालायला सांगा. पांढरेच. रक्त आलं तर मोजा सांगेल. शिवण बोटांवर येत नाही ना ते बघा, शिवण टोचत असेल तर मोजा उलटा घालायचा.

पाणबुड्या यांचं तळाबद्दलचं पटलं. पण निओप्रीन घट्ट बसतं आणि यांच्या पायाला सूज येते. माप संध्याकाळी, मोजा घालून घ्या. चेन लावल्यावर घोट्यावर वळ उठला तर तो बूट नको. घालायच्या आधी दर वेळी हात आत घालून चाचपायचं. खडा, शिंपीचा तुकडा, काहीही असू शकतं, आणि संवेदना नसलेला पाय त्यावर अडीच तास बिनतक्रार उभा राहतो.

अडीच तास ओला पाय म्हणजे कातडी पांढरी पडून मऊ होते आणि मऊ कातडी लगेच सोलवटते. जमलं तर दीड तासावर आणा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. तळव्याला, टाचेला खोबरेल चालेल, बेचक्यांत नाही.

कुठेही कापलेलं असेल तर ते पूर्ण भरेपर्यंत खाडी नाही. यात तडजोड नको. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर जखमेतून शिरून काही तासांत पाय लाल, सुजलेला, फोडांनी भरलेला होऊ शकतो. ताप आणि पसरणारी लाली दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही विचारा.

---

मालवणी_खाजा

ताई, आमचं घर खाडीलाच लागून. आमच्याकडच्या दोघी-तिघी बायका जुने घोट्यावरचे कॅनव्हासचे बूट वापरतात, नाडी बांधून. चिखल ओढतो ते सैल बुटाला. गमबुटाची नळी ढगळ असते, म्हणून तो राहतो आणि पाय येतो. वर परत त्यात पाणी भरलं की एका पायाला दोन-तीन किलो जास्त. नाडीचा बूट पायाबरोबरच येतो. फक्त शेवाळावर कॅनव्हासचा तळ सटकतो. आमची आजी खडपावर जाताना पायाला सुंभ गुंडाळायची. मी बुटावर गुंडाळून बघितलाय, सुंभ शेवाळात रुततो, पाय हलत नाही. दोन फेऱ्यांत झिजतो, पण सुंभाला काय पैसे पडतात?

आणि काकूंना सांगायला नको, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण तुम्ही मुंबई-पुण्याकडच्या म्हणून सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी, पावणेआठच्या सुमारास ओहोटी. सकाळचं ऊन नाही, पाणी लांब गेलेलं, खडप उघडं. अष्टमीला भांग, पाणी धड जातही नाही, तेव्हा उगाच खोल पाण्यात पाय घालायचा कशाला? तिथी बघून दिवस निवडले तर डॉक्टर म्हणतात ते दीड तास पुरतात.

पाकट माशाचं लक्षात ठेवा. रेतीत अंग पुरून बसतं. पाऊल उचलून टाकलं तर नेमकं पाठीवर पडतं आणि शेपटीचा काटा घुसतो. पाय घासत नेला तर ते आधीच पळतं. काटा बुटातूनही जातो, त्यामुळे बूट आहे म्हणून बिनधास्त नको.

---

सुप्रभात_ओपीडी

पाकटावरून आठवलं. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास पाय बुडवायचा, वेदना कमी होते. आणि मग दवाखाना. पण या काकूंच्या बाबतीत 'सोसवेल' हे दुसऱ्याने ठरवायचं! पाणी तुमच्या हाताने बघा. पायाला चटका कळत नाही म्हणून भाजून आलेले मधुमेही मी पाहिले आहेत.

---

ट्युलिप_आणि_तांदूळ

नेदरलँड्समधून. विषय वाचून राहवलं नाही.

इथे उत्तरेला वाडेन समुद्र आहे, २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत. ओहोटीला त्याचा तळ उघडा पडतो आणि लोक वाटाड्याबरोबर चिखलातून चालत पार बेटांपर्यंत जातात. त्याला 'वाडलोपेन' म्हणतात. हौसेचं प्रकरण, कालवं काढायला नव्हे. (तरी वाटेत खूप दिसतात आणि माझा कोकणी जीव कासावीस होतो.)

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शहाणपणा करून नवेकोरे रबरी बूट घेऊन गेले होते. वाटाड्याने ते बघितले आणि मान हलवली. इथे घोट्यावरचे, नाडी घट्ट बांधलेले कापडी बूट लागतात, बास्केटबॉलचे जुने असतात तसे. म्हणजे मालवणी_खाजा यांच्याकडच्या बायका आणि इथले वाटाडे एकाच निष्कर्षाला आले आहेत.

चालण्याचीही रीत आहे. पाय सरळ वर ओढायचा नाही. बुटाखाली पोकळी होते, तिथे हवा जायला वाट नसते, म्हणून चिखल खेचून धरतो. आधी टाच थोडी हलवायची, बाजूने पाणी-हवा आत शिरू द्यायची, मग टाच वर, चवडा शेवटी. पावलं लहान, आणि मऊ जागी थांबायचं नाही, थांबलं की माणूस खाली जातो. वाटाड्याच्या हातात लांब काठी असते, पुढचा चिखल तो आधी तिने बघतो.

---

ट्राउट_आणि_थर्मास

हिमाचलात ट्राउट धरायला जाणारे लोक नमद्याच्या (दाबून केलेल्या जाड लोकरीसारख्या कापडाच्या) तळाचे बूट घालतात, शेवाळलेल्या गोट्यांवर त्याला तोड नाही. पण चिखलात नमदा भरतो आणि साबणासारखा होतो, तुमच्या कामाचा नाही. शिवाय तो लवकर वाळत नाही आणि एका नदीतलं शेवाळ दुसरीत नेतो, न्यूझीलंडने २००८ मध्ये त्यावर बंदीच आणली. खाजांचा सुंभ मला जास्त आवडला.

---

वाघोटणची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात गावी जातेय. माप संध्याकाळी, पांढऱ्या मोज्यासकट. कळवते.

---

पाणबुड्या

एक राहिलं. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यात बुडवून, चेन उघडून, सावलीत उलटे टांगा. उन्हात रबर तडकतं. आणि वास येणार, त्याला इलाज नाही.

---

वाघोटणची_लेक

पाच आठवड्यांनी येतेय, क्षमस्व.

घेतले ते डायव्हिंगचे बूट, दोन जोड परत करून तिसरा. ६ नंबरात चेन लावल्यावर वळ उठत होता म्हणून ७. टाचेला जी पोकळी राहिली त्यासाठी देवगडला एका चपला शिवणाऱ्या दादांकडे गेले. त्यांच्याकडे मधुमेहवाल्यांच्या चपलांना लावतात ती एमसीआरची मऊ शीट होती. तिचा तळ कापून आत बसवला आणि घोट्यावर नाडीसाठी एक पट्टा शिवून घेतला. निओप्रीनला सुई लावायला ते तयार नव्हते, "फाटलं तर मला बोलायचं नाही" म्हणून तीनदा सांगितलं. फाटलेलं नाही.

पहिल्या दिवशी मीही बरोबर उतरले, जुने स्पोर्ट शूज घालून. तिवरांच्या मुळांवरून ती बिनघोर गेली. चिखलात मात्र चार पावलांवर उभी राहिली. मी टाच हलव, टाच हलव म्हणून ओरडतेय आणि ती रुततेय. शेवटी म्हणाली, "काठी दी." माझ्या हातातली काठी घेतली, पुढे खुपसली, काढली, टोकाला लागलेला चिखल बघितला, बोटांनी चुरगाळला. मग डावीकडून वळसा घालून गेली. मी सरळ गेले आणि गुडघ्यापर्यंत.

आता रोज काठी असते. माझ्या मते पाऊल बरीच वर्षं तिला काही सांगत नव्हतं आणि ती वाट पाठ असल्यामुळे चालत होती, पण हे मी तिला म्हटलेलं नाही. तिच्या मते बुटाने पाय बहिरा केला आणि म्हणून काठी लागली. चालू दे.

तेव्हापासून नऊ फेऱ्या झाल्या. तिथी बघून, सकाळच्या, दीड-पावणेदोन तास. डॉक्टरसाहेब, दर वेळी ती मोज्यांचा फोटो पाठवते. सातव्या फेरीला उजव्या अंगठ्यापाशी नखाएवढा गुलाबी डाग होता. बुटात हात घातला तर एमसीआरच्या कडेखाली तिसरीचा तुकडा. आठ दिवस खाडी बंद ठेवली, यावेळी भांडण न होता. शेजारच्या काकींनी ५ नंबर कुठे मिळेल विचारलंय.

आता उरलेली अडचण: चेन. चिखल सुकला की दात धरतात, आईच्या बोटांनी ओढली जात नाही. परवा बूट काढायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागली. खोबरेल लावू का?

---

मालवणी_खाजा

खोबरेल नको, त्याला रेती चिकटते.

---

पाणबुड्या

बरोबर. खाडीतून बाहेर येतानाच, चिखल ओला असताना, चेन पाण्यात दोनदा खालीवर करायची. घरी जुन्या दातघाशाने दात साफ करून मेणबत्ती घासा, पांढरी, साधी. आणि चेनच्या टोकाला सुंभाचं एक कडं बांधा, अख्खं बोट आत जाईल एवढं.

---

सुप्रभात_ओपीडी

सातव्या फेरीचा फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. आणि डाग आता कसा आहे तोही.